ती मुलं ‘अनाथ’ की ‘निर्वासित’?

विचारणा अशी आहे: दोन काळांत चालणाऱ्या एका कादंबरीत १९३९ साली प्रागहून आगगाडीने इंग्लंडला पाठवलेली ज्यू मुलं आहेत, आणि दुसऱ्या काळात त्यांतल्याच एकीची नात जुनी पत्रं चाळते आहे. मराठी अनुवादात या मुलांना काय म्हणावं?

१९३९च्या भागात ‘अनाथ’ तरी नको. नाथ म्हणजे सांभाळणारा, तेव्हा व्युत्पत्तीची हरकत नाही. पण आज अनाथ म्हटलं की आईबाप हयात नाहीत, एवढंच मनात येतं. या मुलांचे आईबाप तर निरोप द्यायला आलेले आहेत. नोव्हेंबर १९३८मध्ये नाझी जर्मनीत ज्यूंवर देशभर हल्ले झाल्यावर ब्रिटनने सतरा वर्षांखालच्या मुलांना एकटं येऊ दिलं, आणि सुमारे १०,००० मुलं जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकियातून तिकडे गेली. पुष्कळांचे आईबाप पुढे नाझींनी मारले. हे नातीला ठाऊक आहे, गाडीतल्या मुलीला नाही. त्यामुळे मुलीच्या बाजूने चाललेल्या निवेदनात ‘अनाथ’ आलं, की लेखकाने शेवटापर्यंत झाकून ठेवलेलं अनुवादक पहिल्याच प्रकरणात सांगून मोकळा होतो. नातीच्या तोंडी मात्र तो शब्द खुशाल द्यावा.

‘पोरकी’ दोन्हीकडे चालेल. आईबाप जिवंत असूनही पोरकं वाटतं, असं आपण सहज म्हणतो. मला इथे हाच शब्द सगळ्यांत जवळचा वाटतो.

‘निर्वासित’ बरोबरच आहे. मराठी वाचकाला त्यातून आधी फाळणी आठवेल, आठवू दे. फक्त तो लंडनच्या मुलांना लावू नये. बाँबहल्ल्यांच्या धास्तीने शहरातली मुलं खेड्यांत पाठवणं १ सप्टेंबर १९३९ला सुरू झालं. त्याच दिवशी प्रागहून सुमारे २५० मुलांना घेऊन निघायची गाडी युद्ध पेटल्यामुळे निघालीच नाही. लंडनची मुलं आपल्याच देशात होती. त्यांना ‘गावाकडे हलवलेली मुलं’ असं सरळ म्हणावं. ‘स्थलांतरित’ म्हटलं तर पोटापाण्यासाठी गेल्यासारखं वाटतं.

‘परागंदा’चा मोह होईल. मूळ फारसीत त्याचा अर्थ विखुरलेला. मराठीत मात्र परागंदा होणारा स्वतः पळ काढतो. मागे राहिलेलं कुटुंब नंतर घरदार सोडून पळालं असेल, तर त्याच्यासाठी तो राखून ठेवावा.