वाचकांचे प्रश्न: पन्नाशीतल्या फजित्या आणि त्यातलं हसू

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे: वय वाढतं तशी चारचौघांत होणारी पंचाईत, आणि तिच्यातून ओशाळं न होता बाहेर कसं पडायचं. उत्तरं देताना आधी त्या फजितीचं कारण सांगितलं आहे. कारण कळलं की निम्मी लाज तिथेच जाते, आणि उरलेल्यातलं हसू दिसू लागतं.

प्रश्न: दहा वर्षांच्या ओळखीच्या बाई समोर आल्या आणि नाव आठवेना. शेजारी नवरा उभा, त्याची ओळख करून द्यायची. शेवटी मी म्हणाले, "तुम्ही तर ओळखताच एकमेकांना!" ते दोघं पहिल्यांदाच भेटत होते. अशा वेळी काय करावं?

चेहरा आठवतो, नोकरी आठवते, शेवटच्या भेटीत काय बोलणं झालं तेही आठवतं, फक्त नाव नाही. याचं कारण असं की बाकीच्या माहितीला एकमेकींचा आधार असतो. नाव मात्र नुसतं चिकटवलेलं असतं, त्याला आतून कशाचाच धागा नसतो. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना अनोळखी चेहरे दाखवले. तोच शब्द काहींना आडनाव म्हणून सांगितला, काहींना व्यवसाय म्हणून. व्यवसाय लक्षात राहिले आणि आडनावं निसटली, शब्द तेच असूनही. तेव्हा नाव विसरणं म्हणजे माणूस विसरणं नव्हे.

उपाय पहिल्या दोन-तीन वाक्यांतच करायचा. पाच मिनिटं गप्पा मारल्यावर नाव विचारणं फार अवघड जातं. आधी त्या व्यक्तीबद्दल पक्कं आठवणारं काहीतरी सांगा आणि मग कबुली द्या: "तुमची मुलगी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती, बरोबर? बघा, सगळं आठवतंय, नाव तेवढं रुसून बसलंय." त्या एका तपशिलामुळे समोरच्याला कळतं की तुमच्या मनात त्याला जागा आहे. मग दोघंही हसतात, कारण हे त्यांच्याही बाबतीत होतं. "वय झालं हो आता" हे मात्र टाळा. त्यात हसू नाही, आणि समोरची बाई तुमच्याच वयाची असेल तर तिलाही तुम्ही ओढून घेता.

जोर लावून नाव आठवू नका. चुकीचं पण मिळतंजुळतं नाव एकदा पुढे आलं की तेच तेच येत राहतं आणि खऱ्या नावाची वाट अडवतं. विषय सोडला की ते बऱ्याचदा आपणहून येतं.

नवऱ्याशी मात्र घरीच ठरवून ठेवा: मी पाच सेकंदांत ओळख करून दिली नाही, तर तू स्वतःचं नाव सांगून नमस्कार करायचा. समोरची व्यक्ती बहुतेक वेळा लगेच आपलंही नाव सांगते. नाव कळलं की एकदा लगेच आणि एकदा निरोप घेताना मोठ्याने उच्चारा.

नावं विसरणं या वयात सर्रास होतं. रोजचा रस्ता चुकणं, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा विचारणं, हातातली नेहमीची वस्तू कशी वापरायची हे न सुचणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे विनोद बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: सभेत कागद हातात आला की मी तो लांब, आणखी लांब धरतो. सहकारी गालातल्या गालात हसतात. चष्मा काढायला लाज वाटते.

डोळ्यातलं भिंग वयाप्रमाणे कडक होत जातं आणि जवळचं बघण्यासाठी पुरेसं फुगत नाही. दहाव्या वर्षी साधारण सात-आठ सेंटीमीटरवरचं स्पष्ट दिसतं, चाळिशीत वीस-पंचवीसवरचं, आणि पन्नाशीच्या सुमारास ती रेषा जवळजवळ हाताच्या टोकाशी जाते. मंद उजेडात त्रास वाढतो, कारण बाहुली मोठी होते आणि नजर स्थिरावण्याचा पल्ला आखूड होतो. म्हणून आधी उजेड वाढवा. वाचायच्या चष्म्याचा नंबर बहुधा अधिक एकच्या आसपास सुरू होतो आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत अडीचपर्यंत जातो. तपासून घ्या, कारण दोन डोळ्यांचा नंबर सारखा असेलच असं नाही.

सहकाऱ्यांना हसू येतं ते चष्म्याचं नव्हे, लपवालपवीचं. कागद लांब नेत नेत तुम्ही "हं, हं, ठीक आहे" म्हणता, ते त्यांना दिसत असतं. ते थांबवा. कागद शेजाऱ्याकडे द्या आणि म्हणा, "तुम्ही वाचा, माझे हात संपले." हे वाक्य तुम्ही स्वतः म्हटलंत की दुसऱ्या कुणाला म्हणायला उरत नाही.

प्रश्न: (वय ४९) मैत्रिणी जमल्या की मी हसायलाच घाबरते. जोरात हसू आलं की थोडी लघवी होते. यात विनोद शोधा असं कुणी सांगितलं तर मला राग येतो.

राग योग्य आहे. इथे आधी उपाय, मग हसणं.

हसताना, शिंकताना, खोकताना पोटातला दाब एकदम वाढतो. मूत्रमार्गाला खालून आधार देणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडले असतील तर तो दाब पेलला जात नाही. बाळंतपणानंतर आणि पाळी जाण्याच्या काळात हे पुष्कळ बायकांना होतं. व्यायामाने यात चांगला फरक पडतो. त्याची पद्धत चुकली तर मात्र महिनोन्‌महिने करूनही उपयोग होत नाही, म्हणून नीट सांगतो.

बसून किंवा आडवं पडून, वायू रोखताना जे आवळतो तेच आवळा आणि आत-वर ओढल्यासारखं करा. पोट, मांड्या, नितंब सैल राहिले पाहिजेत. पोटावर हात ठेवून खात्री करा. श्वास चालू ठेवा; श्वास रोखला तर दाब उलट खाली ढकलला जातो. सुरुवातीला तीन सेकंद धरा, तेवढीच विश्रांती घ्या. जमेल तसं आठ-दहा सेकंदांपर्यंत न्या. एका वेळी आठ आकुंचनं, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. बऱ्याच जणी तीन आठवड्यांत सोडतात, आणि मग व्यायामाचा उपयोग नाही म्हणतात. लघवी मध्येच थांबवून रोज सराव करू नका, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं होण्याची सवय बिघडू शकते.

दुसरी युक्ती लगेच वापरता येते. शिंक किंवा खोकला येतोय असं जाणवताच त्याच्या क्षणभर आधी ते स्नायू आवळून धरा. हसण्याची चाहूल लागली की पायावर पाय टाकून बसा. पाणी कमी पिऊ नका. घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला आणखी चुरचुरवते. जळजळ, रक्त, अचानक वाढलेला त्रास किंवा त्या भागात बधिरपणा असेल तर तपासणी करून घ्या. तीन महिन्यांत फरक पडला नाही तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा या विषयातल्या फिजिओथेरपिस्टना भेटा.

आता हसण्याचं. सगळ्या कंपूला सांगायची गरज नाही. ज्या एकीवर विश्वास आहे तिला सांगा, आणि दोघींचं एक वाक्य ठरवा: "गोष्ट इथेच थांबवा, मी आलेच." उठून जाताना तुमच्याकडे बघणारा एक तरी चेहरा सगळं जाणून असतो, आणि तेवढ्याने एकटेपणा जातो. बहुधा त्या मैत्रिणीकडूनही तुम्हाला काहीतरी ऐकायला मिळेल.

प्रश्न: शांत खोलीत उठताना गुडघे कटकट वाजतात.

दुखत नसेल, सूज नसेल, गुडघा अडकत नसेल, तर वाजू द्या. सांध्यातल्या द्रवात वायूचे बुडबुडे होतात, स्नायुबंध हाडावरून सरकतात, त्याचा हा आवाज. "येतोय मी, आवाज आधी पोचला" एवढं म्हणून पुढे चला.

प्रश्न: समोरचा काय बोलला ते नीट कळत नाही, तरी मी हसून मान डोलावते. परवा कुणाच्या तरी आजारपणावर हसले.

वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज कमी होतात. स, श, फ, थ अशी व्यंजनं त्याच पट्टीत असतात आणि हळूही असतात. स्वर मात्र खणखणीत ऐकू येतात. म्हणून आवाज पोचतो पण शब्द पोचत नाही, आणि गोंगाटात तर अजिबातच नाही.

मान डोलावणं आजपासून बंद. नुसतं "काय?" हेही पुरत नाही, कारण समोरचा तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा म्हणतो. जे ऐकू आलं ते परत म्हणून दाखवा. "मुलगा पास झाला" हे कदाचित वेगळंच ऐकू येईल. तेव्हा सरळ विचारा, "मुलगा बाप झाला, असं ऐकू आलं मला." समोरच्याला नेमका कुठला शब्द हुकला ते कळतं, तो तेवढाच दुरुस्त करतो, आणि सगळे मनापासून हसतात. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघा, पाठ भिंतीकडे करून बसा म्हणजे मागचा गोंधळ कमी होतो. हे वारंवार होत असेल तर श्रवणचाचणी करून घ्या. एकाच कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न: रस्त्यात एका गृहस्थांना हात केला, ते अनोळखी निघाले. गोष्ट एवढीशी, पण रात्री झोपताना तीच आठवते. सगळ्यांनी पाहिलं असेल असं वाटतं.

सगळ्यांनी पाहिलेलं नाही. २००० साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका गायकाचा चेहरा छापलेला, घालायला संकोच वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं साधारण निम्म्या लोकांनी तो चेहरा ओळखला असेल. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांनी ओळखला. आपली चूक आपल्याला पूर्ण उजेडात दिसते, इतरांचं लक्ष त्यांच्या त्यांच्या चुकांवर असतं.

हात वर गेलाच असेल तर तो केसांकडे वळवून सारवासारव करू नका. "माफ करा, तुम्ही अगदी माझ्या ओळखीच्या माणसासारखे दिसता" म्हणून हसा. रात्री आठवलं तर दुसऱ्या दिवशी एका माणसाला सांगून टाका. मनात नुसती घोळवली तर तीच गोष्ट बोचत राहते, सांगितली की तिला शेवट मिळतो.

प्रश्न: घरच्यांबद्दलचा तक्रारीचा मजकूर ऑफिसच्या व्हॉट्सअॅप गटात गेला. आता?

"सर्वांसाठी हटवा" हाच पर्याय निवडा. घाईत "माझ्यासाठी हटवा" दाबलं तर तो फक्त तुम्हाला दिसेनासा होतो, बाकी सगळे वाचत राहतात. तसं झालंच तर काही क्षण खाली "पूर्ववत करा" दिसतं, ते लगेच दाबा. सर्वांसाठी हटवायला साधारण दोन दिवसांची मुदत असते. हटवल्याची खूण मात्र उरते आणि ती कुतूहल वाढवते, म्हणून लगेच एक ओळ टाका: "घरचा विषय चुकून इथे आला. घरी आता माझी वेगळी सभा आहे." एकच ओळ. लांबलचक खुलासा दिला की ज्यांनी वाचलं नव्हतं तेही शोधायला लागतात. मजकुरात कुणाची निंदा असेल तर विनोद नको. त्या व्यक्तीला फोन करून माफी मागा.

प्रश्न: पाहुणे आले की मुलं आणि नवरा माझ्या फजितीचे किस्से रंगवून सांगतात. मी हसते, पण आत लागतं.

तुम्हाला लागतं, एवढं कारण पुरेसं आहे. "तुला विनोद कळत नाही" या उत्तराने गप्प बसू नका. स्वतःला तुच्छ लेखून, इतरांना खूश ठेवण्यासाठी हसत राहणं आणि संकटातही मजेशीर बाजू बघणं, या विनोदाच्या दोन निराळ्या तऱ्हा आहेत. मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली त्या वेगवेगळ्या मोजायची प्रश्नावलीच तयार केली. पहिलीची सवय लागली तर उदासी आणि कमी आत्मविश्वास यांच्याशी तिचं नातं आढळतं.

पाहुणे गेल्यावर, शांतपणे आणि नेमकं सांगा: "तो जिन्यातला किस्सा माझा आहे. सांगायचा असेल तर मी सांगेन." "तुम्ही नेहमी माझी थट्टा करता" असं मोघम बोललात तर वाद होईल, एका किस्स्याचं नाव घेतलंत तर ते ऐकतील. मग कधीतरी तो स्वतः सांगा, तुमच्या शब्दांत, शेवटचं वाक्य तुमचं. चित्रफिती काढून पाठवणं मात्र विचारल्याशिवाय बंद, मुलांनाही आणि मोठ्यांनाही.

प्रश्न: माझ्यासोबत मजेशीर प्रसंग घडतात, पण मी सांगितले की कुणी हसत नाही.

प्रसंगात नव्हे, बहुधा मांडणीत चूक आहे. एक नमुना बघा. "काल उठायला उशीर झाला, रात्री झोप नव्हती, घाईत अंधारात बूट घातले, आणि ऑफिसात गेल्यावर पाहतो तर एक काळा, एक तपकिरी! इतकं हसू आलं! मग सभेत सगळे बघत होते." आता तोच प्रसंग असा: "सभेत मी पाऊण तास शिस्तीवर बोललो. सगळे खाली बघून ऐकत होते. मला वाटलं, अंतर्मुख झालेत. माझा एक बूट काळा होता, एक तपकिरी."

दुसऱ्यात उशीर, झोप, अंधार सगळं गेलं. आपण त्या वेळी काय समजत होतो ते आधी आलं, खरं काय होतं ते शेवटी आलं, आणि हसू आणणारा शब्द अगदी शेवटचा आहे. "इतकं हसू आलं" हे सांगणाऱ्याने म्हटलं की ऐकणाऱ्याला काम उरत नाही. मिनिट-दीड मिनिटापेक्षा लांबवू नका. सल ताजा असेल तर दोन-चार दिवस थांबा. सांगताना सांत्वनाची अपेक्षा असेल तर ऐकणाऱ्याला ती जाणवते आणि तो हसायला कचरतो.

नव्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात हे किस्से काढू नका. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांच्या १९६६ च्या प्रयोगात हुशार माणसाने कॉफी सांडली तेव्हा तो लोकांना जास्त आवडला, सामान्य वाटणाऱ्याने सांडली तेव्हा कमी. तुमचं काम आधी लोकांना दिसू द्या.

आणि सांगूनही कुणी हसलं नाही तर समजावून सांगत बसू नका. विषय बदला, आणि पुढच्या खेपेला पहिली दोन वाक्यं गाळून तोच किस्सा दुसऱ्या कुणाला सांगून बघा.