सहा महिन्यांच्या बाळाच्या लोशनमध्ये फिनॉक्सिइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह (लोशन खराब होऊ न देणारं रसायन) आहे, ते चालेल का? की 'प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री' क्रीम घेऊ?

चालेल, प्रमाण १ टक्क्याच्या आत असेल तर. युरोपियन युनियनच्या तज्ज्ञ समितीने २०१६ मध्ये सर्व वयोगटांसाठी हीच मर्यादा सुरक्षित मानली.

तुम्ही म्हणता तसं 'प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री' क्रीम मात्र घाईने घेऊ नका. पाणी असलेलं क्रीम आपल्या गोव्याच्या पावसाळ्यात टिकत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मी माझ्या लेकीसाठी अशीच एक घरगुती डबी आणली होती. जुलैत झाकण उघडलं तर कडेला काळे ठिपके आणि आंबूस वास! बाळाच्या त्वचेला बुरशी लावण्यापेक्षा योग्य प्रमाणातलं प्रिझर्व्हेटिव्ह कितीतरी बरं. निव्वळ खोबरेल तेलात पाणी नसतं, म्हणून त्याला ते लागत नाही.

सुरक्षितता ठरवताना बाळाच्या अंगात रोज किती जाईल ते काढतात. प्राण्यांवरच्या चाचण्यांत अपाय न झालेली मात्रा त्याच्या निदान १०० पट असावी लागते. जन्मतः वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्यांच्या सुमारे २.३ पट असतं, हेही बघतात. लंगोटाखाली त्वचा ओली, चोळवटलेली, तिथे शोषण वाढतं. म्हणूनच तीन वर्षांखालील मुलांच्या लंगोटाच्या जागी लावून ठेवायच्या क्रीममध्ये प्रोपिल आणि ब्यूटिल पॅराबेन या प्रिझर्व्हेटिव्हना युरोपात बंदी आहे. लेबलवर मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे प्रिझर्व्हेटिव्ह दिसलं तर लोशन सरळ परत ठेवा, त्याने अ‍ॅलर्जी होते.