डिप्लोमा झालाय, चाकणला अप्रेंटिसशिप घेऊ का डायरेक्ट सेकंड इयरला जाऊ?

तू लिहिलंयस की मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, चाकणच्या कंपनीतून एक वर्षाच्या अप्रेंटिसशिपचा फोन आलाय आणि घरचे म्हणतायत गपचूप इंजिनिअरिंग डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरला ॲडमिशन घे. मी पण डिप्लोमावालीच, भोसरीत अप्रेंटिस म्हणून लागले होते आणि आता क्वालिटीत आहे. माझं म्हणणं एवढंच की कंपनी किती मोठी ते नंतर बघ, आधी डिपार्टमेंट कुठलं देतायत ते विचार.

त्याच्याही आधी एक चेक कर. एमआयडीसीत ट्रेनी काय, ऑपरेटर काय, अप्रेंटिस काय, सगळे एकाच दमात सांगतात, पण 1961 च्या अप्रेंटिस ॲक्टखाली डिप्लोमावाल्याला घेतलं तर नॅट्सच्या, म्हणजे सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर रजिस्ट्रेशन होतं, कॉन्ट्रॅक्ट तिथेच बनतं आणि वर्ष झाल्यावर भारत सरकारचं सर्टिफिकेट मिळतं, आपल्या भागाचं ते मुंबईचं बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग बघतं. तिथे नाव नसेल तर तू बहुधा कुणा कॉन्ट्रॅक्टरचा माणूस म्हणून आत जातोयस एवढं समज. आणि कुणी डिपॉझिट मागितलं तर सरळ फोन ठेव.

पैशाचं म्हणशील तर 2019 च्या नियमांत डिप्लोमाला किमान 8000 आणि डिग्रीला 9000 स्टायपेंड ठरला, त्यातला अर्धा वाटा सरकार उचलतं. सध्याचा आकडा पोर्टलवर बघून घे, बऱ्याच मोठ्या कंपन्या किमानपेक्षा जास्त देतात, कॅन्टीन आणि बस असते. तरी कॉट बेसिसवर राहून मेस भरली की हातात फार काही उरत नाही, पहिले काही महिने घरून मागावे लागतील हे आत्ताच सांगून ठेव.

कायद्यात तू कामगार नाहीस, शिकाऊ आहेस. म्हणून पीएफ कापला जात नाही, अप्रेंटिसशिप ॲडव्हायझरच्या परवानगीशिवाय तुला ओव्हरटाईमला थांबवता येत नाही (थांबवतात, ते वेगळं), आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये तसं लिहिलेलं नसेल तर वर्षानंतर पर्मनंट करायचं कंपनीवर बंधन नाही. 30 किंवा जास्त माणसं असली की एकूण संख्येच्या 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्यामुळे काही ठिकाणी नुसता आकडा भरायला पोरं घेतात आणि लाईनवर उभी करतात.

आता डिपार्टमेंट. असेंब्लीत एकाच स्टेशनवर टॉर्क गन घेऊन वर्षभर तेच चार बोल्ट आवळलेस तर पुढच्या इंटरव्ह्यूत सांगण्यासारखं काय राहणार? टूल रूम, मेंटेनन्स किंवा क्वालिटी मिळालं तर मात्र डोळे झाकून जा. क्वालिटीत शिफ्ट सुरू झाली की फर्स्ट पीस तुझ्याकडे येतो, ड्रॉइंग समोर ठेवून मायक्रोमीटर, बोअर गेज लावायचं, टॉलरन्समध्ये (मापात जेवढा फरक चालतो त्यात) बसला तरच पुढचं प्रॉडक्शन, आणि माप हळूहळू एका बाजूला सरकायला लागलं की मशीन लावून देणारे सेटर काका इन्सर्ट (टूलची कापणारी टिप) बघतात, ऑफसेट देतात म्हणजे मशीनमध्ये माप दुरुस्त करतात, तेव्हा त्यांच्या शेजारी उभं राहायचं. कॉलेजात जीडी अँड टीची (ड्रॉइंगवर आकार आणि जागेचा टॉलरन्स दाखवणारी) चिन्हं पाठ केली होती, पण होलची पोझिशन आऊट गेली म्हणून कस्टमरकडून अख्खा लॉट परत आला की ती खरी कळतात. मेंटेनन्सवाल्यांचं पण तसंच, ब्रेकडाऊनला हायड्रॉलिकचा प्रेशर का पडतोय हे शोधताना जे शिकतोस ते कुठला क्लास शिकवत नाही. काकांना चहा पाज, प्रश्न विचारत राहा, नुसती चेकशीट भरत बसू नकोस.

घरच्यांचंही चूक नाही. चांगलं सरकारी कॉलेज लागत असेल तर डिग्रीच कर, ग्रॅज्युएट अप्रेंटिसशिप नंतर पण असते. पण लाखाच्या वर फी भरून कुठल्यातरी कॉलेजात जायचं असेल तर आधी हे वर्ष काढ, डायरेक्ट सेकंड इयर कुठे पळून जात नाही, फक्त मॅथ्सची वही अधूनमधून उघडत जा कारण एम थ्री (सेकंड इयरचं मॅथ्स) वर्षाच्या गॅपनंतर जाम जड जातं.

एचआरला उद्याच फोन करून विचार की डिपार्टमेंट कुठलं, रोटेशन आहे का, आणि मागच्या बॅचमधली किती पोरं ठेवून घेतली. काय म्हणतात ते खाली कमेंटमध्ये टाक, मग बघू.