बँक गाडी विकते, मग व्याज कुठे गेलं?

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीचा, सहा वर्षं दुबईत आहे. इथल्या इस्लामिक बँकेत गाडीची चौकशी केली. 60,000 दिरहमची गाडी बँक मला 72,000 ला देणार, 48 हप्ते, महिना 1,500. साध्या बँकेचा हिशोबपण तेवढ्यातच बसतो. मग नुसती पाटी बदलली का? आणि बायकोच्या दागिन्यांवर जकात (वर्षाचं सक्तीचं धार्मिक दान) लागते का? रूमवर प्रत्येकजण वेगळंच सांगतो.

उत्तर : भाऊ, तुमची शंका फार जुनी आहे, कुराणात सूरह बकराच्या 275 व्या आयतीत हेच म्हणणारे लोक आहेत की व्यापारपण रिबासारखाच (रिबा म्हणजे व्याज), आणि तिथेच उत्तर आहे, व्यापार हलाल, रिबा हराम. तुमच्या व्यवहाराला मुराबहा म्हणतात. म्हणजे बँक तुम्हाला पैसे देत नाही, आधी स्वतः गाडी विकत घेते, मग आपला नफा उघड सांगून तुम्हाला उधारीवर विकते. मधल्या काळात गाडी ठोकली गेली तर नुकसान बँकेचं, आणि एकदा 72,000 ठरले की हप्ता चुकला तरी त्याचे 73,000 होत नाहीत, दंड लावला तरी तो दानात जायला हवा, बँकेच्या नफ्यात नाही. आता खरं सांगू का, बऱ्याच ठिकाणी बँकेची मालकी कागदावर दोन-चार मिनिटंच टिकते, आणि यावर स्वतः मुस्लिम अर्थतज्ज्ञच टीका करतात. म्हणून सही करायच्या आधी विचारा, विक्रीच्या करारापूर्वी गाडी कोणाच्या नावावर असते आणि लेट फी कुठे जाते.

मला स्वतःला मुदारबा जास्त पटतं. एकाचं भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरलेल्या प्रमाणात, तोटा झाला तर पैसे भांडवलवाल्याचे बुडतात आणि मेहनतवाल्याची मेहनत. आपल्याकडे होडीवर खर्च वजा करून मालक आणि खलाशी वाटे घालतात ना, बरंचसं तसंच. पण बँकांना हे नको असतं, हप्ता बरा वाटतो.

दागिन्यांचं म्हणाल तर रूमवरचे बहुतेक सगळेच बरोबर असतील! शाफई आणि हनफी हे इस्लामी कायद्याचे दोन पंथ, कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, त्यांच्यात बाईच्या नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही, हनफींमध्ये आहे. गुंतवणूक म्हणून ठेवलेली बिस्किटं, नाणी मात्र दोघांकडे धरतात, साधारण 85 ग्रॅम सोनं चांद्रवर्षभर राहिलं की अडीच टक्के. वापरातलं कोणतं आणि ठेवणीतलं कोणतं हे मात्र वहिनींनाच विचारा, डबा त्यांच्याकडे असतो.