व्हाइटचॅपलची पाणपोई ज्यू समाजाने का उभारली?

पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपल रोडवरील, ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड याच्या स्मारक-पाणपोईसाठी ज्यू समाजाने पैसे का दिले आणि ती मुद्दाम जाऊन पाहावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ती अवश्य पाहावी, आणि पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिच्यावरच कोरलेले आहे.

एडवर्ड मे १९१० मध्ये निधन पावला. पाणपोईवरील लेखात त्याचे ‘निष्ठेने व कृतज्ञतेने’ स्मरण केले असून, पूर्व लंडनच्या ज्यू रहिवाशांनी जमवलेल्या वर्गणीतून ती उभी राहिल्याचे म्हटले आहे. खाली १९११ हे वर्ष आहे. रॉथ्सचाइल्ड आणि ससून या धनाढ्य ज्यू घराण्यांशी राजाचा उघड स्नेह होता, हे कृतज्ञतेचे एक कारण असावे. मला मात्र ‘रहिवासी’ हा शब्द अधिक महत्त्वाचा वाटतो. १८८१ नंतर रशियन साम्राज्यातील हिंसाचार आणि दारिद्र्य यांमुळे देश सोडलेली हजारो ज्यू कुटुंबे याच भागात येऊन राहिली आणि त्यांतील पुष्कळांनी शिवणकामावर संसार चालवला. अशा लोकांना रोखण्यासाठी १९०५ मध्ये परकीयांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा कायदाही झाला होता. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, भर रस्त्यात, आपण येथलेच आहोत असे त्यांनी दगडावर लिहून ठेवले, आणि तेही सर्वांची तहान भागवणाऱ्या वास्तूवर. गेलेल्या माणसाच्या नावाने पाणपोई घालण्याची रीत आपल्याकडेही असल्यामुळे मराठी माणसाला यातला भाव वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मुंबईशीही याचा एक धागा जुळतो. हाच एडवर्ड युवराज असताना १८७५-७६ मध्ये भारतात आला होता आणि त्या भेटीची आठवण म्हणून बगदादी ज्यू घराण्यातील अल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा मुंबईला दिला. तोच ‘काळा घोडा’, जो आता राणीच्या बागेत आहे. तो एका धनाढ्याने दिला, तर व्हाइटचॅपलची पाणपोई वस्तीच्या वर्गणीतून झाली, आणि म्हणूनच ती मला अधिक जवळची वाटते.

पाणपोईचे शिल्पकाम विल्यम सिल्व्हर फ्रिथ यांचे आहे. जुन्या रॉयल लंडन रुग्णालयाच्या इमारतीसमोर, बाजाराच्या गर्दीत ती उभी असल्याने पटकन नजरेत भरत नाही. माथ्यावरची शांतिदेवता पाहून परतू नका. खाली लहान बालमूर्ती आहेत. त्यांच्या हातांत पुस्तक, जहाज आणि मोटार आहे, आणि एकीच्या हातात सुई-दोरा आहे. ती सुई नक्की शोधा.