भोंडल्यात पाटावर हत्ती का काढतात? पावसाशी त्याचा संबंध आहे का?

हो, अगदी थेट. साधारण 27 सप्टेंबरला सूर्य हस्त नक्षत्रात जातो. त्या पावसाला गावाकडे हत्तीचा पाऊस म्हणतात, म्हणून पाटावर हत्ती. काही भागांत भोंडल्याला हादगा म्हणतात, तेही हस्तावरूनच आलं असं मानतात.

हा परतीचा पाऊस. दुपारपर्यंत ऊन चटके देतं, मग अचानक ढग दाटतात, गडगडाट होतो आणि तासाभरात बांध भरून वाहतात. आधीच महिनोन्‌महिने भिजलेल्या मातीच्या भिंती त्यात खचायच्या. 'पडेल हत्ती तर कोसळतील भिंती' ही म्हण त्यातूनच आली. पण रब्बीच्या ज्वारीला हीच ओल लागते! म्हणून तर मुली पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरतात. माझी आजी तांदळाने हत्ती काढायची, सोंड नेहमी वर उचललेली.