कपाशीच्या कर्जावर महोगनी लावू नका

चोपडा तालुक्यातल्या वाचकाचं पत्र आहे. शेती बारा एकर, त्यातल्या दोन एकरांत आफ्रिकन महोगनी लावायची. 375 रुपयांप्रमाणे 800 रोपांचे 3 लाख, पैकी 25 हजार आगाऊ दिलेले. पैसा कपाशीच्या पीककर्जाचा, खत-बियाणं कृषी केंद्रातून उधार आणणार. बारा वर्षांनी रोपं विकणारी कंपनी झाडामागे 45 हजार देणार म्हणते. प्रश्न एवढाच: या महोगनीच्या दोन जातींपैकी खाया सेनेगलेन्सिस लावू की खाया आयव्होरेन्सिस?

आयव्होरेन्सिस हे पश्चिम आफ्रिकेच्या दमट जंगलातलं झाड. त्याला वर्षाला 1600 मिलिमीटरच्या वर पाऊस लागतो. आपल्याकडे 700च्या आसपास पडतो आणि मे महिन्यात पारा 45 गाठतो. सेनेगलेन्सिस सेनेगल ते सुदानच्या कोरड्या पट्ट्यातलं, सहा महिने पावसाविना काढणारं, लाकडालाही जड. लावायचं तर तेच. शेंडा पोखरणारी अळी मात्र दोघांवरही येते. शेंडा मेला की फाटे फुटतात आणि सरळ सोट, म्हणजे फांद्यांखालचं खोड, आखूड राहतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला काळजी पीककर्जाची वाटते. हे कर्ज वर्षाच्या आत फेडायचं असतं, झाड बारा वर्षं दमडी देत नाही. वेळेत फेडलं तर 3 लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. थकलं की ती सवलत गेली. 12 टक्के व्याज धरा: सहा वर्षांत दुप्पट, बारा वर्षांत चौपट, म्हणजे 12 लाख. पुढच्या हंगामाला नवं कर्ज मिळणार नाही, वर कृषी केंद्राची उधारी चढत राहील.

आता ते 45 हजार. 1500 रुपये घनफूट धरला तरी झाडामागे 30 घनफूट लाकूड हवं. लाकूड मोजायचं ते असं: घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. 13 फुटी सोटातून 30 घनफूट काढायला घेर 6 फूट लागतो. बारा वर्षांत, तेही दहा-दहा फुटांवर दाटीनं लावलेल्या झाडांत? 3 फूट घेर आला तर 7 घनफूट भरतं. बाँडपेपरवरची खरेदीची हमी ती कंपनी बारा वर्षं टिकली तरच कामाची, आणि अशा हमीवर शेतकऱ्याला कर्ज काढायला लावणं मला अजिबात पटत नाही.

25 हजार परत मागा. नाही मिळाले तर सोडून द्या, त्यांच्यापायी आणखी पैसे घालू नका. उरलेल्या 2 लाख 75 हजारांतून आधी कपाशीचं बियाणं-खत रोखीनं घ्या, बाकीचे कर्जखात्यात भरा. हौस असेल तर कपाशी विकून कर्ज फिटल्यावर, उरल्या पैशातून नाल्याकडच्या बांधावर सेनेगलेन्सिसची 40 रोपं लावा. पहिली चार-पाच वर्षं शेंडे तपासा. पोखरलेला शेंडा खालून छाटून जाळा आणि एकच सरळ फुटवा ठेवा.